बुंधा वर, शेंडा खाली

ओलं फडकं घेऊन नाओकिची मागच्या खोलीत शिरला तेव्हा त्याच्या मनात उद्याच्या जेवणाखेरीज काही नव्हतं. खरं तर खांब पुसायचं काम हाताखालच्या कानरोकुचं. पण कानरोकुच्या कमरेत सकाळी उसण भरली होती, आणि तीच उसण घेऊन तो दुपारी शेजारच्या अंगणात मोचीच्या लाडवांसाठी भात कुटायला गेला होता, कारण गावातल्या सगळ्या बायका तिथे जमल्या होत्या. असली उसण देव सगळ्यांना देत नाही.

घर उभं राहिलं होतं, म्हणजे सुतारांच्या वाट्याचं घर. खांब, तुळया, खांबांतून आरपार गेलेल्या आडव्या पट्ट्या, सगळं एकमेकांच्या खाचांत घट्ट बसलं होतं आणि वर नुसतं आभाळ होतं. ह्या खोऱ्यात खालचं घर सुताराचं आणि वरचं छप्पर गावाचं. उद्या सकाळी गावातला एकूण एक धडधाकट माणूस येणार होता. जाडजूड वासे जोडीजोडीनं उभे करून, एकही खिळा न मारता, नुसत्या दोरांनी ते बांधून काढणार होता. मग शाकारणी. दुपाखी छप्पर, आणि तेही इतकं उभं की कुणी आभाळापुढे हात जोडलेत असं वाटावं. त्याहून जरा बसकं केलं तर साचलेलं बर्फ घर चिरडून टाकतं. हे घर ज्यांचं, त्या तोयोकाकूंचं जुनं घर तर गेल्या हिवाळ्यात डोंगरावरून घसरलेल्या बर्फानं अख्खंच नेलं होतं. तेव्हापासून काकू, त्यांचा मुलगा आणि सून शेजाऱ्याच्या माळ्यावर रेशमाच्या किड्यांच्या सोबतीनं राहत होते.

नाओकिचीनं चिखलाचे शिंतोडे पुसले. लाकूड ओलं झालं की त्याच्या पोटातलं सगळं वर येतं. चेस्टनटच्या लाकडावर उभ्या रेषांचे निमुळते डोंगर उठतात, एकात एक घातल्यासारखे. त्यांची टोकं नेहमी झाडाच्या शेंड्याकडे असतात. सुताराच्या घरात हे पोरांना शिकवावं लागत नाही.

ह्या खांबावर डोंगरांची टोकं जमिनीकडे होती.

त्यानं पुन्हा पुसलं, जसं काही ते डाग होते आणि जोर लावला असता तर निघाले असते. मग छातीच्या उंचीवरची गाठ शोधली. फांदी खोडातून निघते ती वर जाते. इथे कापलेल्या फांदीचा बुडखा खाली झुकला होता. नाओकिचीच्या हातातलं फडकं गळून पडलं आणि ते उचलायचंही त्याला सुचलं नाही.

खांब उलटा होता. बुंधा वर, शेंडा खाली.

उलट्या खांबाच्या गोष्टी त्यानं शेकड्यानं ऐकल्या होत्या. अशा खांबाचं घर रात्री कण्हतं म्हणतात. त्या खोलीत भांडण मिटत नाही, आजारी माणूस उठत नाही, बाळंतीण अडते. नव्या कामगारांना घाबरवायला त्यानं स्वतः ह्या गोष्टी तिखटमीठ लावून सांगितल्या होत्या. पण उलटा खांब डोळ्यांनी पाहिलेला माणूस त्याला आजवर भेटला नव्हता. आता भेटला, आणि तो तो स्वतःच.

खांबावर शाईची रेघ मारणारा हात गेन्बेई मेस्त्रीचा होता. कुठे कापायचं, कुठे खाच पाडायची, बुंधा कुठला आणि शेंडा कुठला, हे सगळं मेस्त्री ठरवतो आणि शाईनं लिहून ठेवतो. बाकीच्यांनी पटाशी चालवायची, तोंड नाही. नाओकिचीनं पटाशी चालवली होती. हाच खांब, ह्याच हातांनी. बाबांची रेघ आहे म्हटल्यावर बघायचं काय, असं म्हणून त्यानं लाकडाकडे पाहिलंसुद्धा नव्हतं. त्याला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

"नाओ! अजून पुसतोयस? खांब आहे तो, नवरी नव्हे!"

गेन्बेई दारात उभा होता. त्याचा सासरा, आणि घरजावई म्हणून दत्तक घेतल्यापासून त्याचा बापही. खोऱ्याच्या अलीकडे-पलीकडे मिळून निम्मी घरं ह्या म्हाताऱ्यानं उभी केलेली. अलीकडे तो चहा ओतताना कपाच्या कडेला बोट लावून बसायचा. हल्ली लाकडाकडे तो डोळ्यांनी पाहत नव्हता, तळव्यानं पाहत होता. हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

"बाबा..." नाओकिची म्हणाला.

"काय बाबा?" म्हाताऱ्यानं पुढे येऊन खांबावर हात ठेवला आणि घोड्याच्या मानेवरून फिरवावा तसा फिरवला. "हा बघ. अंगात जरा खोट नाही. डोंगरावरून मी निवडून आणलाय हा, चार माणसांशी भांडून. उद्या तू मेस्त्री होशील तेव्हा लक्षात ठेव, लाकूड निवडायचं ते उभं असतानाच. आडवं झाल्यावर सगळीच लाकडं गरीब दिसतात."

उद्या. उद्या छपराच्या मुहूर्ताला, सगळ्या गावासमोर, गेन्बेई आपल्या कमरेची शाईची डबी सोडून नाओकिचीला देणार होता. कोरीव लाकडाची ती जुनी डबी, तिच्यातली चाकावर गुंडाळलेली दोरी. ती ज्याच्या कमरेला तो मेस्त्री. नाओकिचीनं तिच्यासाठी दहा-बारा वर्षं 'घरजावई' हा शब्द पाठीमागे ऐकत काढली होती.

"काय म्हणत होतास?"

"काही नाही. फडकं पडलं."

"मग उचल की. ते काय आपण होऊन उठणार आहे?"

म्हातारा गेला आणि त्याच दारानं हात्सुए आत आली. तोयोकाकूंची सून. आठवा सरून नववा लागलेला, त्यामुळे आधी पोट आत आलं आणि मग ती. तिनं डोक्यावरच्या आभाळाकडे पाहिलं, खोलीकडे पाहिलं आणि हसली.

"हीच ना माझी खोली? माळ्यावर जीव नकोसा झालाय हो. रात्रभर ते किडे पानं कुरतडत असतात, पाऊस पडतोय असंच वाटतं." तिनं खांबाला पाठ टेकली. "सासूबाई म्हणतात, ह्याच खांबाला दोर बांधू. कळा आल्या की धरायला. मजबूत आहे ना?"

"आहे," नाओकिची म्हणाला.

"घाम का आलाय तुम्हाला एवढ्या थंडीत?"

तो तडक बाहेर पडला. नदीपर्यंत गेला, परत आला, लाकडाच्या ढिगाला फेरी घातली, पटाश्या पुसून ठेवल्या, पुन्हा काढल्या आणि पुन्हा पुसल्या. चार वेगवेगळ्या माणसांनी त्याला काय शोधतोयस म्हणून विचारलं. उत्तरेकडच्या शिखरावर पांढरं दिसायला लागलं होतं. उद्या छप्पर चढलं की परवापासून गाव दुसऱ्या घराच्या शाकारणीला जाणार, पाळ्या ठरलेल्या. आणि एकदा छपराचं ओझं बसलं की खालचा खांब काढायला देव आला तरी त्याला जमणार नाही.

संध्याकाळी सुतारांच्या झोपडीत त्याची बायको मित्सु चुलीवर मिसोचं, आंबवलेल्या सोयाबीनचं कढण ढवळत होती. ती मुहूर्तासाठी खिंड ओलांडून आली होती, नवऱ्याच्या हातात ती डबी पडताना पाहायला. गेन्बेई तोयोकाकूंकडे जेवायला गेला होता. नाओकिचीनं दार लावलं, उघडलं, बाहेर पाहिलं आणि परत लावलं.

"अहो, बसा तरी. तुम्हाला पाहून माझंच डोकं फिरायला लागलंय."

मग त्यानं सांगितलं. एका दमात, खालच्या आवाजात. मित्सुची पळी हातातच राहिली.

"नक्की? तुम्हाला नीट दिसलं?"

"मला दिसलं. त्यांना दिसत नाही, तेच तर."

कढण उतू गेलं, तेव्हा तिनं ते चुलीवरून उतरवलं.

"खालच्या गावचे ते मेस्त्री आठवतात?" ती शेवटी म्हणाली. "एका तुळईचं माप चुकलं, लोक हसले. त्यांनी हत्यारं पेटीत टाकली आणि भिंतीकडे तोंड करून बसले ते मरेपर्यंत. बाबा त्यांच्याहून मानी आहेत."

"म्हणजे गप्प बसू?"

"मी असं कुठे म्हटलं? ती पोर त्या खोलीत बाळंत व्हायचीये."

"मग बोलू?"

"तुम्ही बोललात तरी मी काही म्हणणार नाही आणि गप्प बसलात तरी काही म्हणणार नाही. पण मला विचारू नका हो. तो माझा बाप आहे."

"आणि मी कोण?"

मित्सुनं त्याच्याकडे पाहिलं आणि पदर नसलेल्या बाया जसं करतात तसं बाहीनं डोळे पुसले. तेवढ्यात दार सरकलं. कानरोकु आत आला, उसण विसरून, गालाला पीठ लागलेलं. त्यानं दाराबाहेर उभं राहून सगळं ऐकलं होतं हे त्याच्या चेहऱ्यावरच दिसत होतं.

"जावईबापू, एवढ्याशा गोष्टीला काय हो!" तो बसत म्हणाला. "तिकडे पूर्वेला मोठं देऊळ आहे ना, तिथल्या दरवाजाचा एक खांब मुद्दाम उलटा लावलाय. का तर काम पुरं झालं असं देवांना वाटू नये. पुरं झालं की उतरण लागते. मेस्त्रींनीही मुद्दामच केलं असं म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. उलट नाव होईल!"

"देवळात कुणाची सून बाळंत होत नाही."

"तुमचा विश्वास आहे असल्या गोष्टींवर?"

विश्वास होता की नाही हे नाओकिचीला दुपारपासून ठरवता येत नव्हतं. पण उद्या हात्सुएला काही झालं, तर तिची सासू त्या खांबाकडे कधी बघणार नाही आणि आपण मात्र मरेपर्यंत त्याच्याचकडे बघत राहणार, एवढं त्याला स्वच्छ कळत होतं. त्यानं कढण तोंडाला लावलं. मग वाटी तशीच खाली ठेवली.

सकाळी गाव आलं. दोरांची भेंडोळी, कोयते, पोरं, कुत्री, लालभडक सलगमाच्या लोणच्याची पिंपं. दोरांचा म्होरक्या म्हणून जो ठेंगणा माणूस होता त्यानं आल्याआल्या नाओकिचीला धरलं, कारण नाओकिची मूळचा खोऱ्याबाहेरचा, चौपाखी छपरांच्या मुलखातला.

"काय मेस्त्री! तुमच्याकडे छपराला चारही बाजूंनी उतार, नाही का? डोक्यावर टोपी दडपल्यासारखा. आमच्या बर्फानं ती टोपी पहिल्याच महिन्यात कानापर्यंत खाली आणली असती!"

"अजून मेस्त्री झालो नाही मी," नाओकिची म्हणाला. लोक हसले. तो हसला नाही.

वाशांची पहिली जोडी अंगणात आडवी ठेवली होती, शेंड्याला दोरानं बांधलेली, खालची टोकं तासून निमुळती केलेली. ती टोकं तुळईवरच्या खळग्यांत बसली आणि दोर ताणले की छप्पर उभं राहायला लागणार. त्याआधी एकच विधी उरला होता. मेस्त्रीनं प्रत्येक खांबाच्या पायाशी तांदळाची दारू ओतायची. गेन्बेई धुतलेला निळा कोट घालून उभा होता. दाढी करताना दोन ठिकाणी कापलं होतं. एका हातात दारूचं भांडं, दुसरा हात कमरेच्या डबीवर. तो पहिल्या खांबापासून निघाला. पुढची खोली, चुलीची खोली. नाओकिची त्याच्या मागे मागे चालत होता आणि प्रत्येक खांबाशी त्याला वाटत होतं, आता बोलू. पुढच्याला बोलू.

मागच्या खोलीत हात्सुए आणि तोयोकाकू हात जोडून उभ्या होत्या. म्हाताऱ्यानं भांडं कलतं केलं.

"थांबा," नाओकिची म्हणाला. "बाबा, हा खांब उलटा आहे."

खोलीतला आवाज बंद झाला, मग अंगणातला. छपराविना घर असल्यानं सगळ्यांना सगळं ऐकू गेलं होतं. गेन्बेईनं मान वळवली. त्याचे डोळे नाओकिचीला शोधत होते आणि ते त्याच्या खांद्यावरून पलीकडे, रिकाम्या जागेवर जाऊन थांबले. नाओकिचीनं ते पाहिलं. पुढचं वाक्य त्यानं रात्रभर घोकून ठेवलं होतं, पण तोंडातून निघालं ते भलतंच.

"माझ्याकडून झालं. पावसात शाई धुऊन गेली होती ना, तेव्हा मी परत मारली. ती उलटी मारली."

दोन लाकडांवरची शाई त्या पावसात खरंच धुऊन गेली होती आणि ती नाओकिचीनं परत मारलीही होती. पण ती दाराच्या चौकटीची. हा खांब त्यांत नव्हता.

क्षणभर त्याला वाटलं, म्हाताऱ्याला कळलं. आता तो गप्प बसेल, हळूच खांद्यावर हात ठेवेल. पण गेन्बेईच्या हातातलं भांडं जमिनीवर आदळलं आणि त्यानं कमरेचा लोखंडी गुण्या उपसून नाओकिचीच्या दंडावर हाणला.

"उलटी मारली! बुंधा कळत नाही तुला? शेंडा कळत नाही? शेण काढायचं होतंस जन्मभर! माझ्या नावाच्या घरात, बाळंतिणीच्या खोलीत! एवढी वर्षं काय शिकवलं मी तुला, झोपायला?" त्याचा आवाज दहा वर्षांपूर्वीचा होता. "घरजावई तो घरजावईच!"

हा शब्द त्याच्या तोंडून नाओकिचीनं कधी ऐकला नव्हता. बाहेरच्यांनी कितीही म्हटलं तरी घरात तो शब्द नव्हता. दंडापेक्षा तो जास्त लागला. दाराशी बायकांच्या घोळक्यात मित्सु खाली बघत उभी होती.

तोयोकाकूंनी एवढंच विचारलं, "बदलता येईल?"

"दुपारपर्यंत," गेन्बेई गुरकावला. "गोठ्यासाठी आणलेलं चेस्टनट आहे. आणि शाई मी मारणार. ह्या माणसानं आज कुठल्या लाकडाला हात लावायचा नाही. हात दिसला तर तोडीन." मग म्होरक्याकडे वळून तो म्हणाला, "डबीबिबी काही द्यायची नाही आज. मी अजून मेलो नाही."

नाओकिचीला वाटलं होतं, बोलून टाकलं की छातीवरचं ओझं उतरेल. उतरलं नाही. उलट तो नखशिखान्त संतापला होता. म्हाताऱ्यानं जरा तरी थबकायला हवं होतं. एक श्वासभर तरी शंका यायला हवी होती. एवढ्या वर्षांत एक खाच वाकडी न पाडणारा माणूस, आणि ह्यांचा लगेच विश्वास बसला! आपणच खोटं बोललो आणि ते खरं मानलं गेलं म्हणून आपल्याला राग येतोय, हेही त्याला कळत होतं. तरी राग जात नव्हता.

तुळईखाली ओंडके लावून पाचरी ठोकल्या. तुळई केसभर उचलली गेली. आडव्या पट्ट्या बाजूला ओढून काढल्या आणि खांब खाली आला. गावाला काहीच काम नव्हतं, म्हणून गाव गवताच्या पेंढ्यांवर बसून बघत होतं आणि लोणचं खात होतं. कुणीतरी आभाळाकडे बोट दाखवून ढग मोजत होतं. नाओकिची हातात केरसुणी घेऊन भिंत नसलेल्या भिंतीशी उभा होता. त्याच्या पायांना चैन नव्हती. झाडलेलंच तो पुन्हा झाडत होता.

नवं लाकूड लाकडी घोड्यांवर ठेवलं. चारी अंगांनी तासलेलं, दोन्ही टोकं करवतीनं सारखी केलेली. गेन्बेई एका टोकाशी वाकला. अंगठ्यानं वाढीची वर्तुळं चाचपली, नाकाशी नेऊन वास घेतला. दुसऱ्या टोकाला गेला. तिथेही तेच. पूर्वी हा माणूस पाच पावलांवरून सांगायचा. लोक बघत होते, आणि आपल्याकडे बघतायत हे त्याला कळत होतं, म्हणून तो घाई करत होता. मग तो सरळ झाला, डबीतून बांबूची काडी काढली आणि एका टोकाला बुंध्याची खूण केली. ठसठशीत, सगळ्यांना दिसेल अशी.

चुकीच्या टोकाला.

नाओकिचीनं कानरोकुकडे पाहिलं. कानरोकुलाही दिसलं होतं. तो आभाळाकडे बघायला लागला. त्याला एकदम ढगांत फार रस आला होता.

आता दोष अंगावर घ्यायला जागा नव्हती. ह्या लाकडाला त्यानं बोट लावलं नव्हतं, लावू दिलं नव्हतं. मघाशी वाचवलेला म्हातारा आता सगळ्या गावासमोर तोच खड्डा पुन्हा खणत होता, आणि तो खणायला त्याला इतकं बळ आलं होतं ते नाओकिचीच्याच खोट्यामुळे. मघाशीच खरं बोलून टाकलं असतं तर गोष्ट एका खांबावर मिटली असती. त्यानं केरसुणी खाली ठेवली, पुन्हा उचलली आणि पुन्हा ठेवली. मग पाय आपोआप निघाले.

"बाजूला हो," गेन्बेई म्हणाला. "तुझी सावली पडते."

नाओकिची बाजूला झाला नाही. तो गुडघ्यांवर बसला आणि त्यानं म्हाताऱ्याचा हात धरला. हात सुटायला झटका देत होता. त्यानं तो सोडला नाही. घट्टे पडलेलं बोट उचलून त्यानं लाकडाच्या बगलेतल्या एका गाठीवर ठेवलं.

"बाबा," तो म्हणाला, इतक्या हळू की जवळच्यांनाही ऐकू गेलं नसेल. "फांदी कुठे जाते बघा."

बोट गाठीभोवती फिरलं. एकदा. मग उलटं फिरलं. मग दुसऱ्या हाताचं बोटही तिथे आलं. गेन्बेईचा चेहरा आधी कडक होता, मग तो नुसता म्हातारा झाला. गवतावरच्या लोकांचं लोणचं चावणं थांबलं.

"आणि तो?" गेन्बेईनं विचारलं. "मघाचा?"

नाओकिचीनं त्याचा हात सोडला.

"पावसात शाई धुतली गेली ती कुठली लाकडं होती?"

"चौकटीची. दाराच्या."

"तेवढीच?"

"तेवढीच."

"म्हणजे तो माझाच."

आताही नाही म्हणता आलं असतं. नाओकिचीनं तोंड उघडलं. समोर तेच डोळे होते, पण आता ते कुणाला शोधत नव्हते, फक्त वाट बघत होते.

"हो, बाबा," तो म्हणाला.

म्हाताऱ्यानं मान हलवली. मग कमरेची गाठ चाचपली. ती लवकर सुटेना. नाओकिचीनं मदत केली नाही, कारण मदत करायची ती वेळ नव्हती हे त्याला कळलं. गाठ सुटली. गेन्बेईनं डबी पुढे केली, ना भाषण, ना नमस्कार, केर भरायला सुपली द्यावी तशी. ती नाओकिचीच्या जरा डावीकडे, हवेत धरली गेली. नाओकिचीनं हात लांब करून ती घेतली.

त्यानं चुकीची खूण रंध्यानं खरवडून काढली आणि दुसऱ्या टोकाला नवी केली. शाईची दोरी ताणून झटकली की रेघ उमटते, आणि त्याला दोघं लागतात. एकानं डबी धरायची आणि दुसऱ्यानं दोरीचं टोक पार पलीकडे नेऊन टाचणीनं दाबून धरायचं. धंद्यात नवा आलेला माणूस पहिलं वर्ष एवढंच करतो. कानरोकु लगबगीनं पुढे आला.

"सरक," गेन्बेई त्याला म्हणाला. "दोरी मी धरतो."

"मेस्त्री, तुम्ही कशाला..."

"मेस्त्री तो आहे. डोळे फुटलेत का तुझे पण?"

कुणीतरी हसलं आणि गप्प झालं. गेन्बेईनं दोरीचं टोक घेतलं आणि लाकडाच्या कडेवर तळवा ठेवून चालत पलीकडच्या टोकाला गेला. दोरी डबीतून काळी, ओली सुटत गेली. तिथे तो उकिडवा बसला, अंगठ्यानं चाचपून टाचणी लाकडावर टेकवली आणि मान वर करून नाओकिची असेल अशा अंदाजानं पाहिलं.

"मेस्त्री, इथं बरोबर आहे का?"

नाओकिचीनं डोळा बारीक करून पाहिलं. त्याला दोरी धड दिसत नव्हती, म्हणून त्यानं आधी बाहीनं डोळे पुसले आणि मग पुन्हा पाहिलं. टाचणी बोटभर उजवीकडे होती.

"थोडं डावीकडे, बाबा," तो म्हणाला. "अजून थोडं."

म्हातारा डावीकडे सरकला आणि दोरी ताणून धरून थांबला.